आपल्या गाडीच्या दारांबाबत खुलासा

श्री. व्याहीबुवा यांसी,

'तीर्थस्वरूप' लिहावं तर आपण माझ्याहून दीड वर्षाने लहान आहात, आणि 'प्रिय' लिहावं इतका मी आज शांत नाही. तेव्हा मधला मार्ग धरून सप्रेम नमस्कार. आपले गुडघे कसे आहेत? विहीणबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना लांबचं स्वच्छ दिसू लागलं असं समजलं, आनंद वाटला. (जवळचं अजून अंधुक दिसतं म्हणे. आणखी पंधरा दिवस तसंच राहिलं तर माझी काही हरकत नाही.) थोरल्या चिरंजीवांकडचा आपला नातू बाळसं धरतोय ना? इकडे आम्ही दोघं ठणठणीत आहोत. फक्त माझ्या उजव्या अंगठ्याला पट्टी आहे, हिची मान आखडली आहे, आणि आम्ही एकमेकांशी गरजेपुरतंच बोलतो.

काल सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी आपला निरोप माझ्या फोनवर आला. 'गाडीला काय केलंत???' बस्स. शब्द तीन, प्रश्नचिन्हं तीन, शब्दाला एक. वर नमस्कार नाही, खाली नाव नाही, 'कसे आहात' नाही. अहो, वीज कंपनीसुद्धा वीज तोडायच्या आधी 'आदरणीय ग्राहक' म्हणते! मी तो निरोप उभ्याने वाचला, मग बसून वाचला, मग चष्मा पुसून वाचला. तिन्ही वेळा तो तेवढाच उद्धट निघाला. उत्तर लिहायला फोनवर जी चिमुकली चौकट असते तीत माझा संताप मावेना, म्हणून हे पत्र. कुरिअरने पाठवतो आहे, म्हणजे रविवारी आपण इकडे यायला निघाल त्याआधी हातात पडेल, आणि वाटेत आपल्याला विचार करायला भरपूर वेळ मिळेल.

पहिली गोष्ट, गाडी मी मागितली नव्हती. आपण चार महिन्यांसाठी थोरल्या चिरंजीवांकडे निघालात, धाकट्या चिरंजीवांच्या (म्हणजे आमच्या जावईबापूंच्या) हाती किल्ली द्यायची नाही असं आपणच ठरवलंत, आणि आमच्या इमारतीखाली शेड आहे हे आपल्याला एकाएकी आठवलं. गाडीबरोबर दोन पानं सूचना दिल्यात. दर पंधरवड्याला इंजिन दहा मिनिटं चालू ठेवावं. चाकांतली हवा बघावी. कापडी आच्छादन उजवीकडून डावीकडे घालावं (का, ते आपल्यालाच ठाऊक). मी त्या दोन पानांना पुठ्ठा लावून, पाठीला कापडी पट्टी मारून, ती शेडमधल्या खिळ्याला टांगली आणि एकूण एक सूचना पाळली. आता त्या दोन पानांत 'दारांच्या आतल्या पट्ट्यांना हात लावू नये' असं एक वाक्य दाखवा. मी चार वेळा शोधलं. नाही.

दुसरी गोष्ट, त्या पट्ट्यांची अवस्था. आपल्या गाडीच्या चारही दारांना आतून ज्या पट्ट्या आहेत, कोपर टेकायची जी जागा आहे आणि गिअरभोवती जे झाकण आहे, त्या सगळ्यांवर कंपनीने एक मऊ काळा लेप दिलेला होता. मुलांचं लग्न ठरलं तेव्हा आपण मला मुद्दाम गाडीत बसवून त्यावरून हात फिरवायला लावला होतात, आणि 'कसं मखमलीसारखं आहे' असं माझ्याकडून वदवून घेतलं होतंत. ती मखमल आता पाघळली आहे. तिसऱ्या पंधरवड्याला मी इंजिन चालू करून, दहा मिनिटं नुसतं काय बसायचं म्हणून वर्तमानपत्र वाचत बसलो, आणि उतरताना वर्तमानपत्र दाराकडेच राहिलं. ओढून काढलं तर कागद हातात आला, अक्षरं दारावर राहिली. दुसऱ्या दिवसाचा हवामानाचा अंदाज उलट्या अक्षरांत आपल्या दारावर उमटला होता. पुढल्या खेपेस हिची लोकरीची शाल चिकटली. शाल सुटली, पण तिचे केस दाराला उगवले. मला सांगा, हे उघड्या डोळ्यांनी बघत मी स्वस्थ बसायचं?

आपल्याला ठाऊक आहे मी कोण होतो ते. (आपण पाहुण्यांशी माझी ओळख 'छपाईतले' अशी करून देता, ते चूक आहे. छापणारे वेगळे, बांधणारे वेगळे.) मी छत्तीस वर्षं बाइंडर होतो. कचेऱ्यांची रजिस्टरं, वाचनालयांतली पानं गळालेली पुस्तकं, वकिलांचे जाडजूड ग्रंथ, सगळं माझ्या हातून गेलं. रेक्झिन असो, कापड असो, चामडं असो, मी मढवलेला पुठ्ठा कोपऱ्यात सुटला अशी तक्रार घेऊन एकही माणूस दुकानाची पायरी चढला नाही. तीन वर्षांपूर्वी दुकान बंद केलं, कारण रजिस्टरं संगणकात गेली. पण नजर कुठे बंद होते? समोर एका वस्तूचं आवरण सोलपटतं आहे, आणि मी खिशात हात घालून उभा आहे, हे मला सोसणारं नव्हतं. म्हणून मी ठरवलं की आपण परत यायच्या आत गाडी आतून मढवून ठेवायची. आपल्याला चकित करावं हाच हेतू होता. (तो सफल झाला आहे, हे आपल्या तीन प्रश्नचिन्हांवरून दिसतंच.)

त्यासाठी गाड्या सजवणाऱ्याच्या दुकानात गेलो. तिथला माणूस असेल चाळिशीचा. पाटीवर स्वतःला 'कार कलाकार' म्हणवतो. मी म्हटलं, दारांच्या पट्ट्यांना चिकटवायचं व्हिनाइल दाखवा. त्याने माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "आजोबा, गाडी ठेवून जा. घरी करायला गेलात तर रडाल." मी आजोबांच्या वयाचा आहे हे खरं, पण त्याच्या नाही. मी शांतपणे सांगितलं की मी छत्तीस वर्षं बांधणीचं काम केलं आहे. तर तो हसून म्हणतो, "ते पुस्तकांना कव्हर घालणं वेगळं हो." कव्हर घालणं! व्याहीबुवा, कव्हरं शाळेतली मुलं घालतात, खाकी कागदाची, जूनमध्ये. माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. मी म्हटलं, रोल काढा. त्याने काळ्या जाळीदार नक्षीचा काढला, हल्ली सगळे हाच नेतात म्हणाला, म्हणून मी तो नाकारला आणि अक्रोडी लाकडाचा घेतला, आपल्या दिवाणखान्यातल्या शोकेसशी जुळेल असा. बघा, अपमान गिळत असतानासुद्धा मी आपल्या शोकेसचा विचार केला. निघताना त्याने बजावलं की बॅटरीची वायर आधी सोडा, आणि जिथे एअरबॅगची खूण आहे त्या भागाला हात लावू नका, तिथे काही चिकटवू नका. हे मी मुकाट्याने ऐकलं आणि पाळलं, तेव्हा आपल्या जिवाला काही धोका नाही. बाकीचं त्याचं काही ऐकलं नाही.

आता पट्ट्या काढणं. कन्येने फोनवर एक चित्रफीत लावून दिली. तीत एक तरतरीत गृहस्थ, कपड्यांना डाग नाही, नखं स्वच्छ, दाराची पट्टी हातात धरतो, 'जरासं ओढा' म्हणतो, आणि पट्टी सुटून येते. चाळीस सेकंदांत. मला त्या गृहस्थाला एकदा भेटायचं आहे. आपल्या गाडीची पहिली पट्टी सुटायला मला सकाळी दहापासून जेवणवेळ झाली, कारण ती आतून प्लॅस्टिकच्या क्लिपांनी धरलेली असते, आणि त्या क्लिपा अशा की आत जायला तयार, बाहेर यायला नाही. सुरीने ओरखडा पडतो म्हणून स्वयंपाकघरातलं उलथणं घेतलं. उलथण्याने खड्डा पडतो म्हणून प्लॅस्टिकचा डाव घेतला. क्लिप सुटताना टक् असा आवाज करते. तुटतानाही टक् असाच करते, हा तिचा सगळ्यात मोठा लबाडपणा. सुटल्या चौदा, तुटल्या नऊ, आणि माझा अंगठाही त्यातच कापला. आणि हिला त्या नऊ क्लिपांचं काही नाही, डाव वाकला त्याचं दुःख. त्या दिवसापासून आमचं बोलणं आटलं.

सगळे भाग वर आणून बैठकीच्या खोलीत मांडले, पुस्तकाचे फर्मे, म्हणजे दुमडलेले छापील ताव, मांडतो तसे, मागे पेन्सिलीने क्रमांक घालून. स्पिरिटने तो पाघळलेला लेप पुसायला दोन दिवस गेले. माझे दोन बनियन आणि हिचा एक टॉवेल त्यात कामी आले. खोलीत असा वास सुटला की दूधवाला दारातूनच दूध ठेवून पळू लागला. पण खालचं प्लॅस्टिक असं स्वच्छ निघालं, व्याहीबुवा, की कुणी जाणकार असता तर त्याने पाठ थोपटली असती. आमच्याकडे जाणकार नव्हतं. ही म्हणाली, "आता जेवायचं कुठे बसून?"

आणि मग ते व्हिनाइल. मी आयुष्यात पुष्कळ हट्टी वस्तू हाताळल्या आहेत. ओलं चामडं हट्टी असतं, जुना कॅनव्हास हट्टी असतो, पण त्यांच्याशी बोलता येतं. खळ लावली की जरा वेळ मिळतो, सरकवता येतं, उचलून पुन्हा ठेवता येतं. ह्या व्हिनाइलच्या पाठीला गोंद जन्मतःच लागलेला. मागचा कागद सोलला की ते ज्याला प्रथम स्पर्श करेल त्याचं होतं. पहिला तुकडा स्वतःचाच झाला, चारही कोपऱ्यांनी एकमेकांना मिठी मारली ती सुटली नाही. दुसरा माझ्या चष्म्याचा झाला. तिसरा मी कापला बांधणीच्या हिशोबाने, पुठ्ठ्याला जेवढी दुमड सोडतो तेवढीच सोडून. वाया घालवायची मला सवय नाही. तो जागेवर बसलाही. पण फुगीर भागावर ताणून घेतला तेव्हा एका बाजूची दुमड आत निघून गेली आणि कडेला अर्धं बोट प्लॅस्टिक उघडं पडलं. चित्रफितीतला तो गृहस्थ 'सगळीकडून दोन बोटं जास्त ठेवा' असं म्हणाला होता, हे कन्येने नंतर सांगितलं. तो म्हणाला असेल. मी तेव्हा त्याच्या नखांकडे बघत होतो.

वळणावर बसवायला ऊब द्यावी लागते. त्यासाठी कन्येचा केस वाळवायचा ड्रायर आणला. थोडी ऊब दिली की ते व्हिनाइल लोण्यासारखं मऊ होतं, म्हणाल तिथे जातं. मला वाटलं, आता आलास वठणीवर. चहा पिऊन येतो तर खोलगट जागी बसवलेलं सगळं वर उठून ढोलकीसारखं ताणलेलं! ह्या व्हिनाइलला म्हणे पहिल्या आकाराची आठवण असते. ओढूनताणून कुठे बसवलं की ऊब मिळताच ते मूळ आकाराला परत जातं. (हे कुणी आधी सांगितलं असतं तर मी समजून घेतलं असतं. आमच्या घरात तशी माणसं आहेत.) पुन्हा ऊब दिली, पुन्हा बसवलं, आणि खाली हवेचे फुगे राहिले. बांधणीत फुगा राहिला तर उपाय एकच, दाब. दुकानातली यंत्रं विकली तेव्हा पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा मात्र मी घरी आणला होता. पलंगाशेजारी असतो, हिच्या म्हणण्याप्रमाणे पायाच्या करंगळीसाठी. त्यात मी आपल्या डाव्या मागच्या दाराची पट्टी ठेवली आणि चाक फिरवलं. पहिला फेरा, दुसरा फेरा. तिसऱ्या फेऱ्याला असा आवाज आला की ही बाहेरून धावत आली आणि आधी माझ्याकडे, मग शिकंज्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघून परत गेली. व्याहीबुवा, ते बघणं मी अजून विसरलेलो नाही. पट्टी मधोमध दुभंगली होती. पण घाबरू नका. मागून सरस आणि बांधणीचं जाळीदार कापड लावून मी ती अशी जोडली आहे की उद्या गाडीचा पार भुगा झाला तरी ती पट्टी शाबूत राहील.

लाकडाच्या रेषांबद्दलही आपण विचाराल, म्हणून सांगतो. उजव्या दारांवर रेषा आडव्या आहेत, डाव्या दारांवर उभ्या. याचं कारण रोल संपत आला होता आणि उरलेले तुकडे उभेच बसत होते. कन्या म्हणाली, "बाबा, एका बाजूला झाड उभं आहे, एका बाजूला कापून आडवं पाडलंय." आपली सूनबाई विनोदी आहे. आमच्याकडे असताना अशी नव्हती.

आता ज्या फोटोवरून आपण मला निरोप पाठवलात, त्या फोटोची हकीगत. शनिवारी सकाळी सगळ्या पट्ट्या परत बसवल्या आणि गिअरभोवतीच्या झाकणासाठी आणखी हातभर व्हिनाइल आणायला गाडीनेच निघालो. ही पुढे, कन्या मागे. गाडी आतून अशी दिसत होती की, मी अतिशयोक्ती करत नाही, बँकेच्या मॅनेजरची केबिन. थोडी खडखडत होती. नऊ क्लिपा नसल्यावर थोडं खडखडायचंच. ही म्हणाली, "छान वास येतोय," आणि मी सात दिवसांत पहिल्यांदा हसलो. दुकानासमोर गाडी थांबवली. मी दाराचा आतला खटका ओढला. खटका सरळ हातात आला. हिने आपला ओढला. तो हातात नाही आला, पण दारही नाही उघडलं. खटक्यापासून कुलपापर्यंत आत एक तार जाते, आणि पट्टी बसवताना ती तार पुन्हा अडकवावी लागते. चित्रफितीत हे नव्हतं. (कन्या म्हणते होतं.) म्हटलं काच खाली घेऊ आणि बाहेरून उघडू, तर बटण दाबून दाबून बोट दुखलं, काच ढिम्म. मी घामाघूम. ती बटणंही मी उलटी बसवली होती, त्यामुळे मी खाली दाबत होतो तेव्हा बिचारी काच आधीच वर असून आणखी वर जायचा प्रयत्न करत होती, हे हिने तिच्या बाजूचं बटण वैतागून वर उचललं तेव्हा कळलं. ते कळेपर्यंत मी हॉर्न वाजवला होता.

हॉर्न ऐकून तो कलाकार बाहेर आला. ज्या माणसाने मला आजोबा म्हटलं, कव्हर घालणारा म्हटलं, त्याच्याच दुकानासमोर मी काचेच्या पेटीत बसलेलो, आणि तो बाहेर कमरेवर हात ठेवून उभा. त्याने हिच्या बाजूचं दार बाहेरून उघडलं. दार उघडलं, पट्टी मात्र हिच्या मांडीवर राहिली. त्याच क्षणी मागच्या सीटवरून कन्येने फोटो काढला, आणि तो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकताना खाली हसणारी चार तोंडं टाकली. म्हणजे आपण जे पाहिलंत ते एवढंच: हिच्या मांडीवर आपल्या गाडीचं अर्धं दार, आणि माझं तोंड उघडं. त्याच्या आधीचे सात दिवस त्या फोटोत नाहीत. माझा अंगठा नाही, ते धुवून काढलेलं प्लॅस्टिक नाही. आणि त्यानंतर काय झालं ते तर नाहीच, म्हणून ते मला सांगू द्या.

त्या कलाकाराने हिच्या मांडीवरची पट्टी उचलली. मला वाटलं, आता हसणार. मी हसू परत करायला तयारच होतो. पण तो हसला नाही. त्याने ती उलटी केली, मागची दुमड बघितली, कोपऱ्यावर नख फिरवलं. मग दुसऱ्या कोपऱ्यावर. मग उजेडाकडे धरली. रस्त्यावरून माणसं ये-जा करत होती आणि हा तिथे उभा राहून आपल्या दाराचा कोपरा बघत होता. शेवटी म्हणाला, "हे कोपरे कुणी मारले?"

मी म्हटलं, "मी."

त्याने पट्टी हिच्या हातात परत दिली. मग म्हणाला, "कोपरे बरे आहेत. बाकी सगळं काढावं लागेल."

आता मला सांगा, ह्या वाक्याचं मी काय करायचं? पहिल्या अर्ध्यावर खूश व्हावं तर दुसरा अर्धा आहे, दुसऱ्यावर रागवावं तर पहिला आहे. तीन दिवस झाले, मी त्या वाक्याभोवती फिरतो आहे. 'बरे' म्हणजे काय? मला व्हिनाइल समजायला सात दिवस लागले, मान्य. पण कोपरा म्हणजे तिरका काप, आत जाडीभर जागा, एक दुमड खाली, एक वर, मग हाडाच्या पट्टीने घोटायचं. ते कागदाला जसं, चामड्याला जसं, तसंच त्याला. आणि तो 'बरे' म्हणतो! त्याने तारा जोडून द्यायची तयारी दाखवली, मी नको म्हटलं. त्याने नऊ नव्या क्लिपा कागदात बांधून माझ्या खिशात घातल्या आणि ह्या वेळी आजोबा म्हणाला नाही.  मी गाडी घरी आणली. शनिवारपासून आजपर्यंत डाव्या मागच्या दाराची तार मी स्वतः जोडली आहे. बाकीच्या तीन दारांच्या राहिल्या आहेत, कारण अंगठा.

तर 'गाडीला काय केलंत' या आपल्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. मढवली. कुणी न सांगता, आपलेपणाने. यापुढे असा प्रश्न विचारायचा झाला तर वर नमस्कार घालत जावा ही विनंती. विहीणबाईंना माझा नमस्कार सांगा, नातवाच्या पाठीवरून हात फिरवा, थोरल्या चिरंजीवांना आशीर्वाद. राग मानू नये. मीही मानलेला नाही, नुसता लिहून काढला आहे.

आपला
(अजूनही) व्याही

ता. क. १. रविवारी गाडी न्यायला याल तेव्हा आपण डाव्या मागच्या दाराने आत शिरून पुढे सरकावं. गुडघे सांभाळून. उतरतानाही तसंच. बाकीची दारं बाहेरून उघडतात, पण पट्टी अंगावर येते. एकदा सवय झाली की काही वाटत नाही; मला आता बाकीची दारं परकी वाटतात.

ता. क. २. गिअरभोवतीचं झाकण अजून माझ्या टेबलावर आहे. ते उचकटलं तेव्हा खालच्या पोकळीत संत्र्याच्या चवीच्या गोळ्यांची वेष्टणं सापडली. चौघडी करून, फटीतून एकेक आत सारलेली. सत्त्याऐंशी आहेत. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी आपलं गोड संपूर्ण बंद केलं, आणि विहीणबाई चहात साखरेचा चमचासुद्धा फिरकू देत नाहीत, हे सगळ्या घराला ठाऊक आहे. मी चुगलखोर माणूस नाही. घड्या मात्र फार सफाईदार आहेत, हे एक कारागीर म्हणून सांगितल्याशिवाय राहवत नाही.

ता. क. ३. आता मुख्य मुद्दा. रविवारी सगळे जमतील, आमची ही असेल, विहीणबाई असतील, मुलं असतील. गाडीत डोकावून झाल्यावर आपण सर्वांच्या देखत, मोठ्याने, एक वाक्य म्हणावं: 'काम चांगलं झालंय.' एवढंच. 'बरं' नाही, 'चांगलं'. पुढे 'पण' लावू नये. नंतर आपण गाडी खुशाल त्या कलाकाराकडे नेऊन सगळं सोलून काढा, माझी हरकत नाही. कोपरे ठेवता आले तर बघा. आपण हे वाक्य म्हणाल अशी मला खात्री वाटते. वेष्टणं मी पाकिटात घालून माझ्या खणात ठेवली आहेत, आणि खणाला कुलूप आहे.

यांनी पत्र पाकिटात घालून चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून खाली चार ओळी मीही लिहिते. नमस्कार. उजवीकडच्या दोन्ही दारांना व्हिनाइल मी लावलं आहे, हे दुपारी झोपले होते तेव्हा, दोन बोटं जास्त सोडून; मान त्यातच आखडली. त्यांना ते माहीत आहे, आणि त्यांना माहीत आहे हे मलाही माहीत आहे. कोपरे मात्र चारही दारांचे त्यांचेच. मला तसे येत नाहीत. कुलपाची किल्ली माझ्याकडे असते. ती वेष्टणं मी चष्मा लावून वाचली, तर बारीक अक्षरांत 'बिनसाखरेची' असं लिहिलेलं आहे. मग मी विहीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या की आपण कपाटात लपवलेल्या डब्यात दोन वर्षं त्याच ह्या गोळ्या भरतात, आणि हे आपल्याला सांगायचं नाही असंही त्यांनी बजावलं. मी सांगितलं, कारण उगाच घाबरून राहू नये. तेव्हा आता ते वाक्य म्हणायची आपल्यावर काही सक्ती उरली नाही. तरीही म्हणा. यांनी मला ते परवा दोनदा म्हणून दाखवायला लावलं, आणि दोन्ही वेळा मला मध्येच हसू आलं.